सीट खाली येईना

गावात त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. पाणीवाला म्हटलं की झालं. टेकडीवर टाकी, टाकीतून निघून गावभर पसरलेले नळ, आणि रस्त्याच्या कडेला जागोजागी लोखंडी झाकणांखाली खड्डे. झाकण उचलायचं, दोन मुठींची लांबलचक चावी खाली सोडायची, व्हॉल्व्हच्या दांडीवर बसवायची आणि दोन्ही हातांनी फिरवायची. मग त्या भागातल्या नळांना घरघर लागायची आणि बायका कळशा घेऊन धावायच्या. पाणीवाला तोवर सायकलवर टांग टाकून पुढच्या झाकणाकडे निघालेला असायचा.

माणूस ताडमाड उंच. बायको त्याच्या खांद्यालाही पुरत नव्हती. तिच्याशी बोलताना तो मान खाली घालायचा, म्हणून गल्लीतले लोक चेष्टा करायचे, की एवढा टाकीएवढा गडी, पण बायकोसमोर मान वर करायची हिंमत नाही. तोही हसून म्हणायचा, "वर केली तर दिसतच नाही हो ती."

एके दिवशी सकाळी फेरीला गेला तो परत आला हातगाडीवर. टेकडीच्या उतारावर, खालच्या आळीच्या व्हॉल्व्हपाशी, खड्ड्याच्या काठावर बसलेला सापडला. पाठ भिंतीला टेकलेली, चेहरा शांत. सायकल शेजारी स्टँडवर उभी आणि चावी अजून तिच्या दांडीलाच बांधलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, काही कळलंही नसेल.

पाण्याच्या ऑफिसने त्याची नोकरी बायकोला देऊ केली. ती तोवर घरी बसून पडदे शिवून द्यायची. ऑफिसातले साहेब तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले, "जमेल का बाई? चावीच तुमच्यापेक्षा उंच आहे." ती म्हणाली, "चावीला काय, आडवी धरून नेईन." आणि खरंच खांद्यावर आडवी टाकून निघाली. काही दिवसांतच लोक तिला पाणीवाली म्हणायला लागले.

काम जमलं, पण पाय बोलायला लागले. गाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी करायचं, शेवटी टेकडीचा चढ. खालच्या आळीला पाणी मिळेपर्यंत उन्हं डोक्यावर यायची आणि आळीतल्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या असायच्या. सायकल होती की घरात. लहानपणी ती मोठ्यांच्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत सगळीकडे फिरली होती. अडचण एकच. सीट नवऱ्याच्या मापाची. तिचे पाय पायडलला नुसते चाटून जायचे.

सायकल मुळात तिच्या सासऱ्यांची. काळी, जडशीळ, चामड्याच्या सीटखाली जाड स्प्रिंगा. ती ढकलत ढकलत कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे घेऊन गेली. पंक्चरवाला तिच्या नवऱ्याचा जुना दोस्त.

"भाऊजी, एवढी सीट खाली करून द्या."

त्याने पाना लावून पाहिला, दुसरा लावून पाहिला. क्लॅम्पचा नट झिजून गोल झालेला, पाना नुसता गरगर फिरायचा. पक्कड लावली तीही घसरली.

"वहिनी, हिचे आटे वेगळे. माझ्याकडचं एक हत्यार हिला बसायचं नाही. आणि सीटची नळी गंजून फ्रेमशी एकजीव झाली आहे. वरून कापावी लागेल, आणि कापली की संपलं." असं म्हणत त्याने सीटवर तळहात ठेवला आणि चटकन काढून घेतला. "उन्हात उभी केली होती का?"

"नाही हो. आतल्या खोलीतून आणली आत्ता."

पंक्चरवाल्याने हात पँटला पुसला. "गरम लागतेय," तो म्हणाला. "कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी." मग आपण भलतंच बोललो असं वाटून त्याने हसण्यावारी नेलं, आणि आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

ती सायकल घेऊन घरी आली. सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा होता, पण कान असे तिखट की शेजारच्या घरात दूध उतू जायच्या आधी यांना कळायचं.

"कशाला गं तिच्या मागे लागलीस?" त्या म्हणाल्या. "त्याच्या बापापासून सीट तिथंच आहे."

"आई, माझे पाय पोचत नाहीत."

"तो यायचा, मग त्याला बुटकी सीट चालेल का?"

पाणीवाली सायकल ढकलत आत गेली. नवरा गेल्याचं सासूबाईंना ठाऊक होतं. पण कधी कधी त्या असं बोलायच्या, आणि ती ऐकून सोडून द्यायची.

त्या दिवसापासून जेवणं झाली की ती मागच्या अंगणात सायकल घेऊन बसायला लागली. हत्यारं म्हणजे ऑफिसने दिलेला नळाचा पाइपपाना, एक कानस, नवऱ्याचा हातोडा आणि पाणी सोडायची ती चावी. आधी तिने कानशीने गोल नटाच्या दोन बाजू घासून सपाट केल्या. आता पाइपपान्याला पकड मिळाली, तेव्हा नट कुरकुरत सुटला. मग नळी जिथे फ्रेममध्ये शिरते तिथे रॉकेलमध्ये तेल मिसळून थेंब थेंब सोडलं. लाकडाचा तुकडा धरून चहूबाजूंनी हलके ठोके दिले, म्हणजे तेल आत झिरपावं. दुसऱ्या दिवशी सायकल उलटी केली आणि खालून तेल सोडलं. तिसऱ्या दिवशी किटलीभर उकळतं पाणी फ्रेमच्या नळीवर ओतलं, सीटच्या दांडीवर एक थेंब पडू न देता. बाहेरची नळी तापून फुगावी, आतली थंडच राहावी, असा तिचा हिशोब. शिवणकामाच्या मशिनीचा अडकलेला भाग तिने असाच सोडवला होता. सीट काढून ठेवली. दांडीला पाइपपाना लावला, पान्याच्या मुठीवर एक पोकळ नळी चढवली, लांबी वाढली तसा जोर वाढला, आणि ती सगळ्या अंगाचं वजन टाकून लोंबकळली.

दांडी हलली. केसभर हलली, पण हलताना आतून आवाज आला. गंजाचा करकर आवाज तिच्या ओळखीचा होता. हा तसा नव्हता. बऱ्याच वेळाने बोलायला तोंड उघडणाऱ्या माणसाने घसा खाकरावा, तसा आवाज.

आतून सासूबाईंनी हाक दिली, "आलास का रे?"

पाणीवालीच्या हातातून पाना सुटून फरशीवर पडला. अंगणात ऊन रखरखत होतं. भिंतीवर एक मांजर झोपलेलं होतं, ते उठून, सायकलकडे बघत, मागे मागे सरकत पलीकडे उतरलं. मग ती स्वतःलाच म्हणाली, "लोखंड आहे गं बाई, लोखंड," आणि पाना उचलला. डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, पुन्हा डावीकडे. ओढण्यापेक्षा पिळण्याने काम होतं हे तिला नळाच्या जोडांवरून माहीत झालं होतं. उन्हं कलेपर्यंत दांडी चांगली वीतभर खाली बसली. तिने वर सीट बसवली, नट आवळला, बसून पाहिलं. पाय टेकले. ती लहान पोरीसारखी खूश झाली.

दुसऱ्या दिवशी चाकांत हवा नव्हती म्हणून फेरीला पायीच गेली. येऊन जेवली, पंक्चरवाल्याकडून पंप मागून आणला, घटकाभर पडली. उठून अंगणात येते तर सीट वर. अगदी जुन्या जागी.

"आई, सायकलला कुणी हात लावला?"

"मी कशाला लावू? माझ्या हातून भाकरीचा डबा उघडत नाही."

"मग सीट वर कशी गेली?"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मघाशी गेला की तो. टिकटिक करत. आत्ताच आला."

पाणीवालीने खाली वाकून पाहिलं. चाकांना ओली लाल माती लागली होती. अशी माती गावात कुठे नव्हती. ती फक्त टेकडीच्या उताराला होती.

कुणीतरी खोडी काढली असेल, असं तिने मनाला समजावलं. नट पुन्हा सोडवला, सीट खाली घेतली, घट्ट आवळली. पुढच्या दुपारी सीट पुन्हा वर. दांडीवर, फ्रेमच्या तोंडाशी, तिने खडूने खूण करून ठेवली होती. ती खूण आता नट घट्ट आवळलेला असूनही फ्रेमच्या वर वीतभर अंतरावर दिसत होती. तिने सीटवर हात ठेवला. ती गरम होती.

त्याच आठवड्यात खालच्या आळीतली कोंबडीवाली तिला रस्त्यात भेटली. घरात माणसांपेक्षा कोंबड्या जास्त, म्हणून हे नाव पडलेलं. ती तोंडाने फटकळ, पण त्या दिवशी भलतीच गोड बोलली.

"बाई, हे मात्र चांगलं केलंस. दुपारचं पण पाणी सोडायला लागलीस."

"दुपारचं? मी दुपारी घरी असते."

"मग काय नळ आपोआप वाहतात? आळीत विचार कुणालाही. भर दुपारी येतं, घागर दोन घागर मिळतं, जातं." मग तिने आवाज उतरवला. "तुझा नवरा गेला ना, त्या दिवशी आम्हाला पाणी आलंच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आम्ही इथं त्याला शिव्या घालत होतो आणि तो बिचारा तिकडे... त्याच दिवसाचं देतेस की काय, असं मला वाटलं."

ती बोलून गेली आणि कोंबड्यांना हाकायला वळली. पाणीवालीचा हात खांद्याकडे गेला. व्हॉल्व्हची चावी तर तिथेच होती. घरी असताना ती दाराच्या मागे उभी करून ठेवलेली असायची. गावात दुसरी चावी नव्हती.

त्या दुपारी तिने ठरवलं, सायकलला कुठे जाताच येणार नाही असं करायचं. पायडलं काढायची. उजवं पायडल तेल पाजून, पाना चढवून, थोड्या धडपडीने निघालं. डावं मात्र जितका जोर लावावा तितकं घट्ट होत गेलं. घाम गळायला लागला, तळहाताची सालं निघाली. शेवटी ती मटकन खाली बसली, तेव्हा नवऱ्याचं बोलणं आठवलं. तो अंगणात सायकल साफ करताना सांगायचा आणि ती शिवता शिवता अर्धवट ऐकायची. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पाना वर उभा धरायचा आणि मागच्या चाकाकडे ओढायचा, दोन्ही बाजूंना तेच. तिने तसं केलं. पायडल एका हिसक्यात सुटलं.

एवढ्यावर ती थांबली नाही. पायडलं ज्यांत बसतात ते क्रँकही काढायचे होते. ते खिळ्यासारख्या जाड पिनांनी ठोकून बसवलेले. तिने पिनेचा नट अर्धा सोडवला, म्हणजे ठोकताना आट्यांचं तोंड मोडू नये. क्रँकखाली लोखंडी नळीचा तुकडा उभा केला, म्हणजे पिनेला खाली उतरायला जागा मिळेल आणि मार वाया जाणार नाही. आणि हातोडा उचलून एकच सणसणीत घाव घातला. पुचूपुचू ठोकत बसलं की पिनेचं डोकं पसरतं, हे तिने पंक्चरवाल्याकडे बघून ठेवलं होतं. पीन सुटली. दुसरीही सुटली. क्रँक निघाले, त्यांच्याबरोबर चेन निघाली. सायकल म्हणजे आता दोन चाकांवर उभा सांगाडा. चेन नाही, पायडल नाही.

"जा आता," ती सायकलला म्हणाली, आणि बोलल्यावर तिलाच रडू आलं.

सासूबाई आतून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, त्याला अडवू नको. काम राहिलंय त्याचं."

"कुठलं काम, आई?"

"ते मला काय माहीत? मला फक्त ऐकू येतं."

पुढच्या दुपारी ती विसाव्याला पडली नाही. आधी खालच्या आळीत गेली आणि दारोदार फिरली. दुपारचं पाणी सगळ्यांना मिळतं का, कुणाची घागर रिकामी राहते का, हे एकेका बाईला विचारलं. शेवटच्या घरातली म्हातारी म्हणाली, मला तेवढं येत नाही, माझ्यापर्यंत पोचता पोचता बंद होतं. पाणीवालीने मान हलवली, चावी खांद्यावर घेतली आणि टेकडीची वाट धरली.

चढावर चिटपाखरू नव्हतं. अर्ध्या वाटेवर तिला मागून आवाज यायला लागला. टिकटिकटिक. सायकल हातात धरून चालवत नेली की मागच्या चाकाचा असा आवाज येतो. ती थांबली की तो थांबायचा. ती चालली की चालायचा. तिची सायकल अंगणात सांगाडा होऊन उभी होती, आणि चेन काढलेल्या सायकलचं चाक कधी टिकटिकत नाही, हे तिला आता पक्कं ठाऊक होतं. तरी ती पळाली नाही. नवऱ्याबरोबर चालताना ती नेहमी अशीच चार पावलं पुढे असायची, कारण तो मुद्दाम हळू चालायचा.

खड्ड्याचं झाकण बाजूला काढून ठेवलेलं होतं. तिने सकाळी ते स्वतः बंद केलं होतं. टिकटिक तिच्या शेजारी येऊन थांबली, आणि स्टँड लावल्याचा खट्ट आवाज झाला. तिथे काही दिसत नव्हतं. लाल मातीत मात्र दोन चाकांची ताजी रेघ उमटली होती.

तिने चावी खाली सोडली आणि दांडीवर बसवली. एका मुठीला हात घातला. दुसऱ्या मुठीला हात घालणार, तोच ती मूठ आपली आपण खाली झुकली. कुणी धरावी तशी. चावी फिरायला लागली. तिला जोर लावावाच लागला नाही. ती एका बाजूने चालत होती आणि दुसरी मूठ तिच्या बरोबर समोरून फिरत होती, एका चालीने, तिच्या छोट्या पावलांना जुळवून घेत.

खाली आळीत नळ वाजल्याचा आवाज टेकडीपर्यंत आला. भांड्यांचा खणखणाट झाला. मूठ पुन्हा बंद करायच्या दिशेला वळू लागली, तशी तिने ती घट्ट दाबून धरली.

"थांबा," ती म्हणाली. "शेवटच्या घरातल्या म्हातारीला मिळत नाही. तुम्ही लवकर बंद करता."

मूठ थांबली. ती दोघं, म्हणजे ती आणि समोरचं ते रिकामं ऊन, बराच वेळ तशीच उभी राहिली. मुठीवर वजन होतं. लोखंडातून तिच्या तळहातापर्यंत काहीतरी बारीक थरथरत येत होतं, ते पाण्याचं होतं की कशाचं, हे तिला सांगता आलं नसतं.

"आता मिळालं असेल," शेवटी ती म्हणाली. "त्या दिवशीचं सगळ्यांना मिळालं. मी घराघरात विचारून आले. इथून पुढे मी आहे. पण मला पायी नाही होत हो. पाय सुजतात. सीट माझ्या मापाची राहू द्या."

व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत चावी फिरली, आणि शेवटच्या वळणाला दुसरी मूठ एकदम हलकी झाली. इतकी, की ती धडपडून पुढे पडता पडता वाचली. तिने झाकण लावलं. परतताना मागे टिकटिक नव्हती. फक्त तिच्या चपलांचा आवाज होता, आणि तो तिला फार मोठा वाटला.

घरी आल्यावर ताप भरला. दोन दिवस फेरी पंक्चरवाल्याने केली, आणि पाणी सोडणं म्हणजे काय असतं ते त्याला कळलं. आळीच्या बायकांनी त्याला असं काही धारेवर धरलं, की तो म्हणाला, "वहिनी, मी मरायच्या आधी तुम्ही बऱ्या व्हा." तिने त्याला टेकडीवरचं काही सांगितलं नाही. सासूबाईंना सांगायची गरज नव्हती. त्या दुपारी उंबऱ्यात बसायच्या, कान देऊन ऐकायच्या, आणि काही वेळाने उठून आत जायच्या. एकदा त्या नुसत्याच म्हणाल्या, "शांत आहे आज," आणि पदराने डोळे पुसले.

अंगावर ताकद आल्यावर तिने सायकल पुन्हा जोडली. जुन्या पिना वाकल्या होत्या, म्हणून दोन बोल्टांची टोकं कापून कानशीने नव्या घडवल्या. क्रँक बसवले, चेन चढवली, पायडलं लावली. सीट खाली घेतली. चार दुपारी ती रोज उठून बघत होती. खडूची खूण जिथल्या तिथे होती, आणि चामडं थंड होतं.

मग ती पहिल्यांदा सायकलवरून फेरीला निघाली, आणि या वेळी टेकडीपासूनच सुरुवात केली. चढावर खाली उतरून सायकल ढकलत नेली, टाकी बघितली, खालच्या आळीचं पाणी सोडलं, आणि आळीकडे उतारावर स्वार झाली. सायकल जड, ब्रेक म्हातारे. निम्म्या उतारावर मागच्या कॅरियरवर अचानक वजन आलं. मोठं माणूस बसावं तसं. पुढचं चाक हलकं होऊन डुगडुगायला लागलं, स्प्रिंगा कुरकुरल्या, वेग वाढला. ती ओरडली, "अहो, पडू ना आपण!" वळणापाशी वजन उतरलं. अलगद, चालत्या सायकलवरून सराईत माणूस उतरतो तसं, एका हिसक्यासह. सायकल सरळ झाली.

समोर कोंबड्या होत्या. "बाजूला व्हा! ब्रेक लागत नाही!" अशी बोंब ठोकत ती त्यांच्या मधून गेली, पिसं उडाली, तिची एक चप्पल गटारात पडली, आणि ती कोंबडीवालीच्या भिंतीला हात टेकून कशीबशी थांबली.

"मेली असतीस ना!" कोंबडीवाली धावत आली. "एकटीने एवढ्या वेगात यायचं असतं का?"

पाणीवाली धापा टाकत होती. तिचे दोन्ही पाय जमिनीवर होते, एक चपलेत आणि एक उघडा. तिला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने ते बाहीने पुसलं, दांडीला बांधलेली चावी पुन्हा आवळली आणि विचारलं, "चप्पल काढून देतेस का गं तेवढी? पुढच्या गल्लीतल्या बायका खोळंबल्या असतील."